नवी डिस्क, जुनं विंडोज: सीडी घालण्याआधी काय बघायचं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आजही विंडोज एक्सपी चालू आहे. हौस म्हणून नव्हे. फाउंड्रीत धातूचं पृथक्करण करणारा स्पेक्ट्रोमीटर असतो, त्याचं सॉफ्टवेअर एक्सपीवरच चालतं आणि त्याचं कार्ड नव्या मदरबोर्डात बसत नाही. वजनकाट्यावर, जुन्या सीएनसीच्या शेजारी, पत्रिका छापणाऱ्याच्या दुकानात हीच गत. मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा सपोर्ट बंद केला, पण म्हणून कोणी चालतं मशीन भंगारात घालत नाही. या सगळ्यात आधी मरते ती हार्ड डिस्क. ती मेली की मला फोन येतो.

रोजचं काम आहे, म्हणून लिहितोय. स्वतःचा जुना पीसी स्वतः उभा करणाऱ्यांना आणि नव्यानं या धंद्यात आलेल्या पोरांना उपयोगी पडेल. सेटअपला डिस्क दिसत नाही म्हणून बहुतेक जण घाबरतात. माझ्या मते तो सोपा प्रकार, कारण अडचण तिथल्या तिथं कळते. डिस्क दिसली, विंडोज पडलं, कित्येक महिने बिनबोभाट चाललं आणि मग एका सकाळी सगळा डेटा गायब, हा खरा अवघड प्रकार. त्याचं मूळ बहुतेक वेळा डिस्क विकत घेतानाच पडलेलं असतं.

जुन्या डिस्कला आधी जपा

जुनी डिस्क पूर्ण मेलेली नसेल तर बाकी काही करण्याआधी तिची इमेज, म्हणजे आख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत, काढा. धडधाकट असेल तर क्लोनझिला हा प्रोग्राम पुरतो. कटकट आवाज येत असेल, बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे खराब तुकडे, असतील, तर लिनक्सची लाइव्ह सीडी लावून डीडीरेस्क्यू वापरा, कारण ते खराब जागा मागे ठेवून आधी चांगला भाग उचलतं. स्पेक्ट्रोमीटरच्या पीसीत कॅलिब्रेशनच्या फायली असतात. त्या त्या एकाच मशीनच्या, सॉफ्टवेअरच्या सीडीत त्या नसतात. विंडोज कुठूनही पैदा करता येतं, त्या फायली नाही. 'फॉरमॅट मारून चालते का बघू' हा उद्योग जुन्या डिस्कवर करायचा नाही.

इमेज नव्या डिस्कवर टाकून मशीन सरळ उठलं तर नव्यानं इन्स्टॉल करायची गरजच नाही. पण खाली सांगितलेले आकाराचे आणि मोडचे नियम क्लोनलाही तसेच लागू आहेत.

मोठी डिस्क का नको

गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "पाचशेची टाका की ओ दादा, थोडंच जास्ती पडत्यात." मी म्हणतो, "मालक, एकशेवीसच घ्या. मशीनचा सगळा डेटा वीस जीबीत बसतोय." वाद होतो, पण मी हटत नाही, आणि त्याला कारण आहे.

डिस्कला कुठला सेक्टर हवा ते सांगायला जुन्या आयडीई, म्हणजे रुंद पट्टीच्या केबलीच्या, पद्धतीत २८ बिटांचा पत्ता असायचा. २८ बिटांत २६,८४,३५,४५६ सेक्टर मोजता येतात. सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणजे एकूण १,३७,४३,८९,५३,४७२ बाइट. डिस्कच्या खोक्यावरच्या हिशेबानं हे १३७ जीबी, विंडोजच्या हिशेबानं १२८. पुढं एटीए-६ या मानकात पत्ता ४८ बिटांचा झाला. पण ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या मूळ एक्सपीला तो कळत नाही, २००२ च्या सर्व्हिस पॅक १ पासून, म्हणजे सुधारणांच्या पहिल्या गठ्ठ्यापासून, कळतो. विंडोज २००० ची तऱ्हा आणखी वेगळी. तिथं सर्व्हिस पॅक ३ किंवा ४ टाकूनही रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत, 'एनेबल बिग एलबीए' ही नोंद हातानं करून तिला १ ही किंमत द्यावी लागते. सर्व्हिस पॅक टाकला म्हणजे झालं, असं तिथं नाही.

या हद्दीपलीकडचा पत्ता आला की होतं काय? वरचे बिट गळून पडतात. रिक्षाचा जुना मीटर शेवटच्या आकड्यानंतर शून्यावर यायचा, तसा पत्ता परत डिस्कच्या सुरुवातीला येतो. आणि डिस्कच्या सुरुवातीला असतं पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कच्या भागांची यादी, आणि फाइल सिस्टीमचा पाया. म्हणजे तुम्ही १४० व्या जीबीवर एखादी फाइल सेव्ह करताय आणि ती प्रत्यक्षात लिहिली जातेय पहिल्या काही जीबीवर, कुणाच्या तरी डोक्यावर.

एका छापखान्यात हे मी समोर बघितलं. प्लेट काढायच्या मशीनला जोडलेला पीसी विंडोज २००० वर. जुनी डिस्क गेल्यावर कुणीतरी २५० जीबीची लावली होती, आणि तिचे भाग दुसऱ्या, नव्या कॉम्प्युटरला जोडून पाडले होते. सी ४० जीबीचा, उरलेला सगळा डी. रजिस्ट्रीतली ती नोंद कोणी केलीच नव्हती. सुरुवातीला काहीच झालं नाही, कारण डी जवळजवळ रिकामा होता. जॉबच्या फायली साठत गेल्या, डी भरत हद्दीपर्यंत आला, आणि एके दिवशी मशीन बूट होईना. मालक म्हणत होते डिस्क खराब आली. डिस्क ठणठणीत होती. ती दुसऱ्या पीसीला लावून तपासली तर एकही बॅड सेक्टर नाही, फक्त पहिल्या सेक्टरच्या जागी कुठल्यातरी चित्राचा तुकडा.

म्हणून माझा सरळ हिशेब: १२० जीबीची एसएसडी, आयडीईनंतरच्या साटा जोडणीची. १२० असो की १२८, दोन्ही १३७ च्या आत आहेत. मग सीडी मूळ असो, सर्व्हिस पॅकवाली असो, उद्या कोणी रिपेअर इन्स्टॉल मारो, ही भानगडच उरत नाही. मोठीच डिस्क हाताशी असेल तर लिनक्समधल्या एचडीपार्मनं तिची दिसणारी क्षमता कापता येते. सेक्टरची संख्या २५ कोटीवर आणली की ती १२८ जीबीची म्हणून वावरते. मात्र त्यासाठी डिस्क थेट साटा पोर्टाला जोडा, यूएसबीच्या केसमधून ही कमांड बऱ्याचदा पोचत नाही. आणि सगळ्या डिस्क ती मानतातच असंही नाही.

सीडीत कुठला सर्व्हिस पॅक आहे हे ओळखायला ती दुसऱ्या पीसीत उघडा. एक्सपी प्रोफेशनलच्या सीडीत वरच्याच पातळीवर 'विन५१आयपी' नावाची फाइल असते. तिच्या पुढं टिंब देऊन एसपी१, एसपी२ किंवा एसपी३ अशी शेपूट असलेली फाइलही असेल तर तो पॅक आत आहे. नुसती शेपटाविना फाइल असेल तर सीडी मूळची.

दोन टीबीच्या वरच्या डिस्कचा तर विचारच नको. एमबीआर पद्धतीचं पार्टिशन टेबल २.२ टीबीच्या पलीकडं मोजू शकत नाही, आणि ३२ बिट एक्सपीला जीपीटी ही टेबलाची नवी पद्धत वाचता येत नाही. ४के नेटिव्ह म्हणजे खरोखर चार हजार शहाण्णव बाइटचेच सेक्टर दाखवणारी डिस्क विंडोज ८ च्या आधीच्या कुणालाच चालत नाही. एनव्हीएमई एसएसडीचा ड्रायव्हर एक्सपीच्या सीडीत नाही. ती स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊ नका.

मदरबोर्डाचं वय

विंडोजपेक्षा आधी डिस्क बघतो तो बायोस, म्हणजे मदरबोर्डातला मशीन सुरू करणारा प्रोग्राम. साधारण १९९९ च्या आधीच्या बऱ्याच अवॉर्ड बायोसना ३३.८ जीबीपेक्षा मोठी डिस्क लावली की मशीन सुरू होतानाच, डिस्क ओळखण्याच्या ओळीवर, गपगार थांबतं. कीबोर्डही दाद देत नाही. डिस्क काढली की पुन्हा चालू. हे लक्षण दिसलं तर विंडोजशी झटापट करू नका. बोर्डाचा नवा बायोस मिळाला तर बघा. जुन्या आयडीई डिस्कवर क्षमता ३२ जीबीपर्यंत मर्यादित करणारा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, असतो, डिस्कच्या स्टिकरवर त्याचं चित्र छापलेलं असतं. तो लावा आणि पुढं चला. त्याहून जुन्या बोर्डांवर ८.४ जीबीची भिंत आहे, पण तसलं मशीन आता माझ्याकडं क्वचितच येतं.

पेंटियम ४ च्या काळातल्या बोर्डांची एक वेगळीच खोड आहे. व्हियाच्या व्हीटी८२३७ आणि व्हीटी८२३७आर या चिपवरची साटा पोर्टं १.५ गिगाबिटची. ३ गिगाबिटची डिस्क लावली की दोघांचं वेगावर एकमत होत नाही आणि बायोसला डिस्क दिसतच नाही. त्या काळच्या साटा हार्ड डिस्कवर वेग १.५ ला बांधणारा जंपर असायचा. वेस्टर्न डिजिटलच्या डिस्कवर तो ५ आणि ६ या पिनांवर लावायचा. एसएसडीवर असा जंपर नसतो. तिथं मी साटा पोर्ट सोडून देतो आणि साटा-आयडीई कन्व्हर्टर लावून डिस्क आयडीई केबलीवर घेतो. पीसीआयचं साटा कार्डही लावता येतं, पण त्या कार्डाचा ड्रायव्हर सेटअपच्या वेळी द्यावा लागतो, म्हणजे एक काम वाढलं.

आयडीई केबल घेताना ८० तारांची घ्या. दोन्हीला पिना चाळीसच, पण ८० तारांची केबल हाताला बारीक तारांची लागते आणि तिच्या टोकांना रंग असतात: निळं टोक मदरबोर्डात, काळं मास्टरला, मधलं राखाडी स्लेव्हला. चाळीस तारांची जुनी केबल लावली तर डिस्क चालेल, पण वेग यूडीएमए ३३ च्या वर जाणार नाही. कन्व्हर्टरवर मास्टर-स्लेव्हचा छोटा जंपर असतो, तो मास्टरवर ठेवा आणि त्या केबलीवर दुसरं काही जोडू नका. सीडी ड्राइव्ह दुसऱ्या केबलीवर.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत जुन्या आयडीई डिस्क अजून मिळतात. घेतलीच तर दुकानातच क्रिस्टलडिस्कइन्फो लावून रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) आणि पेंडिंग (संशयातले) सेक्टरचे आकडे बघा. दोन्ही आकडे शून्यच हवेत, नाहीतर परत ठेवा. मला विचाराल तर त्या पैशात नवी एसएसडी आणि कन्व्हर्टर बरं.

निळा स्क्रीन, शेवटी ७बी

आता सर्वांत जास्त फोन येतात तो प्रकार. एक्सपीचा सेटअप निळ्या पडद्यावर फायली लोड करतो आणि मग एकतर सांगतो की या कॉम्प्युटरमध्ये एकही हार्ड डिस्क सापडली नाही, किंवा 'सेटअप इज स्टार्टिंग विंडोज' ला येऊन कोसळतो आणि स्टॉप कोडच्या शेवटी ७बी दिसतं. दोन्हीचा अर्थ बहुतेक वेळा एकच: साटा कंट्रोलर, म्हणजे मदरबोर्डातली डिस्क सांभाळणारी चिप, एएचसीआय या नव्या मोडवर आहे. एएचसीआयचा मसुदा २००४ मध्ये पक्का झाला. एक्सपी त्याच्या आधीचं, आणि सर्व्हिस पॅक ३ च्या सीडीतही मायक्रोसॉफ्टनं त्याचा ड्रायव्हर घातला नाही.

उपाय बायोसमध्येच. मोड आयडीई करा. नाव मात्र प्रत्येकाचं वेगळं: डेलच्या ऑप्टिप्लेक्सवर 'साटा ऑपरेशन' खाली 'एटीए', एचपीच्या बऱ्याच मशीनवर 'साटा इम्युलेशन' खाली 'आयडीई', बाकी बोर्डांवर 'साटा मोड', कुठं 'कंपॅटिबल', कुठं 'लेगसी'. एवढं केलं की सेटअपला डिस्क दिसते. आयडीई मोडवर एसएसडी थोडी हळू चालते, पण स्पेक्ट्रोमीटरला काय किंवा वजनकाट्याला काय, फरक कळत नाही. नंतर हौसेनं एएचसीआय करायला जाऊ नका. ड्रायव्हर आधी न बसवता मोड बदलला की तोच ७बी परत.

याला एक पोटप्रकार आहे. वर्षानुवर्षं चाललेलं एक्सपी एका सोमवारी अचानक ७बी देतं. कोणी काही केलेलं नसतं. बहुतेक वेळा मदरबोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो. रविवारी कारखाना बंद, मेन स्विच बंद, बायोस सगळं विसरला आणि मोड पुन्हा मूळच्या एएचसीआयवर. पडद्यावरची तारीख जुनी दिसली की ओळखायचं. सेल बदला, मोड आयडीई करा, मशीन पहिल्यासारखं. या एका कारणासाठी विंडोज नव्यानं टाकलेली मशीनं मी पाहिली आहेत, आणि त्यात गेलेल्या फायलीही.

बायोसमध्ये आयडीईचा पर्यायच नसेल तर ड्रायव्हर सेटअपला द्यावा लागतो. सरकारी पद्धत म्हणजे सेटअप सुरू होताच खाली ओळ येते तेव्हा एफ-६ दाबायचं, मग एस, आणि फ्लॉपीतून ड्रायव्हर. फ्लॉपी ड्राइव्ह आता कुठं आणायचा? यूएसबीचे फ्लॉपी ड्राइव्ह मिळतात, पण एक्सपीचा सेटअप त्यातल्या मोजक्याच मॉडेलना ओळखतो. म्हणून एन-लाइट. हा छोटा प्रोग्राम सीडीची प्रत घेऊन तिच्यात ड्रायव्हर आणि सर्व्हिस पॅक मिसळून नवी सीडी बनवतो.

तो वापरताना दोन जागी चुका होतात. ड्रायव्हर जोडताना तो विचारतो, टेक्स्टमोड की पीएनपी. डिस्क कंट्रोलरसाठी टेक्स्टमोडच हवा, नाहीतर निळ्या पडद्याच्या टप्प्यावर तो वापरलाच जात नाही आणि सीडी वाया. दुसरं म्हणजे यादीतून तुमचाच चिपसेट निवडा. इंटेलच्या एकाच ड्रायव्हरात आयसीएच७ पासून पुढच्या अनेक चिपांची नावं असतात, डेस्कटॉपची वेगळी, मोबाइलची वेगळी. नाव माहीत नसेल तर लिनक्सच्या लाइव्ह सीडीवर एलएसपीसीआय चालवा, कंट्रोलरचं नाव आणि नंबर समोर येतो. आणि विंडोज ३२ बिट असेल तर ड्रायव्हरही ३२ बिटचाच.

पेन ड्राइव्हवरून सेटअप करणार असाल तर पार्टिशनच्या यादीत पेन ड्राइव्हही दिसतो, कधीकधी सर्वांत वर. आकार बघून निवडा. घाईत पेन ड्राइव्हलाच फॉरमॅट बसतो, किंवा बूटच्या फायली त्याच्यावर जातात आणि तो काढला की मशीन उठत नाही.

पार्टिशन एक्सपीला पाडू देऊ नका

एक्सपी पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करतं. ६३ गुणिले ५१२ म्हणजे ३२,२५६ बाइट, आणि याला ४,०९६ नं भाग जात नाही. २०११ च्या सुमारापासूनच्या हार्ड डिस्क आतून ४,०९६ बाइटच्या सेक्टरच्या असतात, वरून ५१२ चे दाखवतात. एसएसडीचंही आतलं पान असंच मोठं. सुरुवातच तिरकी झाली की विंडोजचा प्रत्येक ४ केबीचा तुकडा दोन सेक्टरांवर अर्धा-अर्धा पडतो. लिहिताना डिस्कला दोन्ही वाचून, बदलून, पुन्हा लिहावे लागतात. हार्ड डिस्क रांगते, एसएसडी लवकर झिजते. चालतं सगळं, म्हणून कुणाला संशय येत नाही.

मी हे असं करतो. नवी डिस्क विंडोज ७ किंवा १० च्या पीसीला जोडायची, डिस्कपार्ट उघडायचं. लिस्ट डिस्क देऊन आकारावरून आपली डिस्क ओळखायची आणि सिलेक्ट करायची, इथं डोळे उघडे ठेवा, कारण पुढची कमांड क्लीन आहे आणि ती विचारत नाही. मग कन्व्हर्ट एमबीआर. मग क्रिएट पार्टिशन प्रायमरी, आकार एमबीमध्ये देऊन. १२० जीबीच्या एसएसडीवर मी ९० जीबीच्या आसपासचं एकच पार्टिशन करतो आणि बाकी जागा मोकळी सोडतो. एक्सपीला ट्रिम, म्हणजे पुसलेली जागा कुठली हे एसएसडीला कळवणं, येत नाही, तेव्हा मोकळी जागा एसएसडीला आतल्या आत आवराआवर करायला उपयोगी पडते. मग ॲक्टिव्ह, मग एनटीएफएस क्विक फॉरमॅट. व्हिस्टापासून पुढचं विंडोज पार्टिशन एक एमबीवर, म्हणजे १०,४८,५७६ बाइटवर सुरू करतं, त्यामुळे रांग आपोआप बरोबर येते. क्लीन केल्यामुळे डिस्क आधी विंडोज १० मध्ये जीपीटी असेल तर तीही साफ होते.

आता डिस्क जुन्या मशीनमध्ये लावा आणि सेटअप चालू करा. तयार पार्टिशन निवडा, ते डिलीट करू नका, आणि फॉरमॅटच्या पर्यायांत सर्वांत खालचा, आहे ती फाइल सिस्टीम तशीच ठेवा, हा घ्या. सवयीनं डी दाबून पार्टिशन उडवलंत तर एक्सपी ते पुन्हा ६३ वर पाडणार.

विंडोज पडल्यावर रनमध्ये एमएसइन्फो३२ द्या. कंपोनंट्स, स्टोरेज, डिस्क्स अशा पायऱ्यांनी गेलात की 'पार्टिशन स्टार्टिंग ऑफसेट' दिसतो. १०,४८,५७६ असेल तर छान. ३२,२५६ असेल तर लिनक्सवरच्या जीपार्टेडनं सरकवता येतं, पण वेळ खातं आणि त्या आधी पुन्हा बॅकअप.

एक इशारा. पार्टिशन एकापेक्षा जास्त हवीत तर सगळी प्रायमरीच करा, चारपर्यंत चालतात. विंडोज ७ नं पाडलेल्या एक्स्टेंडेड भागात एक्सपीच्या डिस्क मॅनेजमेंटनं ढवळाढवळ केली तर आतली लॉजिकल पार्टिशनं गायब होऊ शकतात.

विंडोज ९८ असेल तर

पत्रिकावाल्यांकडं अजून दिसतं. जुने मराठी फॉन्ट, पेजमेकर आणि प्रिंटर पोर्टाला लावलेलं सॉफ्टवेअरच्या परवान्याचं डाँगल. तिथं १३७ ची हद्द ९८ च्या डिस्क ड्रायव्हरमध्येच आहे आणि मायक्रोसॉफ्टनं ती कधीच काढली नाही, त्यामुळे १२० जीबीचा नियम इथं दुप्पट कडक. एनटीएफएस तिथं चालत नाही, पार्टिशन फॅट३२ चं करा. मूळ एफडिस्क ६४ जीबीच्या वरच्या डिस्कचा आकार चुकीचा दाखवतो, ८० जीबीची डिस्क दहा-अकरा जीबीची दिसते. डिस्कला नावं ठेवू नका, पार्टिशन जीपार्टेडनं पाडा. सी आठ जीबीच्या आतच ठेवा, ९८ ला तेवढा भरपूर होतो आणि जुन्या बायोसची कुरकुर टळते. साटा बोर्डावर मोड लेगसीच हवा. रॅमचंही झंझट आहे, ५१२ एमबीच्या वर गेलात तर ९८ रुसतं.

विंडोज ७ ला यातलं फार थोडं लागतं. एएचसीआय त्याला येतं, रांग बरोबर पाडतं, ट्रिमही आहे. डिस्क जीपीटीची आहे म्हणून इन्स्टॉल होणार नाही असा संदेश आला तर तिथंच शिफ्ट-एफ-१० दाबा, डिस्कपार्टमध्ये क्लीन आणि कन्व्हर्ट एमबीआर करा. अर्थात आत काही ठेवलेलं नसेल तरच.

मशीन परत देण्याआधी

आयडीई केबलीवर डिस्क असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनलच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जा. चालू मोड 'अल्ट्रा डीएमए' असायला हवा. 'पीआयओ' हा जुना संथ मोड दिसला तर माउससुद्धा अडखळत चालेल. एक्सपी केबलीवर सहा वेळा चुका मोजतं आणि स्वतःहून पीआयओवर उतरतं, नंतर परत वर येत नाही. केबल बदला, मग तो चॅनल अनइन्स्टॉल करून रिस्टार्ट द्या. नुसता चॅनल काढून केबल तीच ठेवली तर काही दिवसांत पुन्हा तेच.

डीफ्रॅग एसएसडीवर चालवू नका आणि मशीनला इंटरनेटची केबल लावू नका. फायली न्यायच्या तर एकच पेन ड्राइव्ह ठेवा, तोही तपासलेला.

शेवटी कॅबिनेटच्या आतल्या बाजूला स्टिकर लावतो. साटा मोड आयडीई, बदलू नये. सेल कधी बदलला तो महिना. डिस्क १२० जीबी, यापेक्षा मोठी लावू नये. विंडोजची सीडी कुठल्या सर्व्हिस पॅकची. इमेज कुठल्या डिस्कवर आहे आणि ती डिस्क ऑफिसातल्या कुठल्या कपाटात. मालक बदलतात, ऑपरेटर बदलतात, पुढच्या वेळी मीच येईन असंही नाही. जो येईल त्यानं कॅबिनेट उघडलं की त्याला हे दिसायला हवं.